नगरकवी नेमायचा असेल, तर त्याने वर्षभर करायचे काय?

आपण दक्षिण गोव्यातील एका नगरपालिकेच्या सांस्कृतिक समितीवर आहात आणि परदेशातील काही शहरांप्रमाणे आपल्या शहरानेही एका कवीची ‘नगरकवी’ म्हणून नेमणूक करावी, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. त्या प्रस्तावात शाल, श्रीफळ, मानपत्र आणि मुक्तिदिनाला व घटक राज्य दिनाला कवितावाचन एवढेच नमूद आहे, असे आपण लिहिता. अशा पदाचा शहरातील माणसांना खरोखर काही उपयोग होतो, की सत्तेवरील गटाला एक स्तुतिपाठक तेवढा मिळतो, हा आपला मुख्य प्रश्न आहे. उपयोग होत असेल तर कवी कसा निवडावा, आणि १९ डिसेंबरच्या, म्हणजे मुक्तिदिनाच्या, कार्यक्रमात त्याने कविता वाचावी की नाही, हेही आपण विचारले आहे.

मी फोंडा तालुक्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवत आलो. शाळेबरोबरच, आणि निवृत्तीनंतर तर मुख्यत्वे, वाचनालयात, शाळाशाळांतून आणि वाड्यावाड्यांवर लोकांसोबत कवितेचे काम करत राहिलो. त्या कामाला कोणतेही पद नव्हते. तरीही आपल्या प्रस्तावातील कवीकडून ज्या गोष्टींची अपेक्षा धरायला हवी, त्यांतील बहुतेक त्या कामात येत होत्या, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

माझ्या मते आपल्यापुढील खरा प्रश्न कवी कोण असावा हा नाही. समारंभ नसलेल्या दिवशी या कवीकडे कोण, कुठे आणि कोणत्या कामासाठी जाऊ शकेल, हा तो प्रश्न आहे. वर्षातील दोन समारंभ वगळले तर उरलेल्या दिवसांविषयी आपल्या प्रस्तावात काहीच नाही, आणि पदाचा उपयोग ठरतो तो मात्र त्याच दिवसांवर. ते दिवस रिकामे ठेवले, तर नेमलेला कवी कितीही स्वाभिमानी असला तरी पद हळूहळू स्तुतिपाठाकडे सरकते, कारण त्याच्याकडे मागणी करणारे दुसरे कोणीच उरत नाही.

हे पद मुळात दरबारी होते, हे आपल्या शंकेच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये जॉन ड्रायडनची राजकवी म्हणून अधिकृत नेमणूक केली. पुढे राज्यक्रांती झाली, ड्रायडनने नव्या राजाशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला आणि पद गमावले. आपल्याकडे भा. रा. तांबे ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी होते आणि कवी यशवंतांना बडोदे संस्थानने तो मान दिला होता. हे सगळे कवी खुशमस्करे होते असे कोणी म्हणणार नाही, परंतु त्यांना मान आणि मानधन देणारा एकच होता आणि तो लोकांना उत्तरदायी नव्हता. विसाव्या शतकात यात मोठा फरक पडला. अमेरिकेत १९३७ पासून हे पद राष्ट्रीय ग्रंथालयाशी, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसशी, जोडले गेले. नंतर शहरांनी आपापले कवी नेमायला सुरुवात केली: सॅन फ्रान्सिस्कोने १९९८ मध्ये, टोरांटोने २००१ मध्ये, बेल्जियममधील अँटवर्पने २००३ मध्ये. नेमणूक ठरावीक मुदतीची असावी ही प्रथाही याच काळात रुळली. ब्रिटनमध्ये शतकानुशतके जे पद तहहयात दिले जात असे, त्याचीसुद्धा मुदत १९९९ पासून दहा वर्षांची करण्यात आली. मान देणारा राजा जाऊन करदाते नागरिक आले, तेव्हा कवीने कोणाच्या कामी यावे हेही बदलायला हवे. आपल्या प्रस्तावात नेमके तेच बदललेले दिसत नाही.

इतर ठिकाणच्या तीन उदाहरणांमुळे माझे स्वतःचे विचार स्पष्ट झाले, म्हणून ती सांगतो. पहिले रॉबर्ट पिन्स्की यांचे. १९९७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय कवी झाल्यावर त्यांनी सामान्य नागरिकांना आवाहन केले की, आपल्याला प्रिय असलेली एक कविता आणि ती प्रिय असण्याचे कारण कळवा. वर्षभरात सुमारे १८,००० लोकांनी प्रतिसाद दिला, आणि त्यांतील काहींचे वाचन ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवण्यात आले. पदावरील कवीने स्वतःची कविता पुढे न करता लोकांच्या मनात आधीपासून असलेल्या कवितेला जागा करून दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसरे उदाहरण नेदरलँड्समधील आहे. ज्या मृताच्या अंत्यविधीला कोणीही नातेवाईक येणार नाही, त्याच्यासाठी कविता लिहून ती दफनाच्या वेळी वाचण्याचे काम ग्रोनिंगन शहरात बार्ट ड्रूग या कवीने सुरू केले, आणि २००२ पासून अॅमस्टरडॅममध्ये एफ. स्टारिक यांनी इतर कवींना सोबत घेऊन ते चालवले. मृताविषयी जी तुटपुंजी माहिती प्रशासनाकडे असेल तेवढ्यावर ती कविता लिहायची असते. तिसरे सॅन फ्रान्सिस्कोचे. त्या शहराचे पहिले नगरकवी लॉरेन्स फर्लिंगेटी यांनी पद स्वीकारतानाच्या भाषणात वाढती घरभाडी, मोटारींचे वर्चस्व आणि त्यामुळे शहरातून बाहेर ढकलली जाणारी माणसे यांवर स्पष्ट टीका केली. पद देणाऱ्या शहरानेच ते ऐकून घेतले. तेव्हा पद आले की लाचारी येते असे नाही, मात्र ते स्वातंत्र्य आधी कागदावर असावे लागते, हे पुढे सांगेन.

यातील एकही गोष्ट जशीच्या तशी उचलून आणावी, असे मी सुचवत नाही. अंत्यविधीचेच घ्या. आपल्याकडे त्याचे नियम धर्माप्रमाणे आणि गावाप्रमाणे ठरलेले आहेत, आणि तिथे बाहेरच्या माणसाने उभे राहून काही वाचणे अनेकांना रुचणार नाही. त्यामागचा विचार मात्र घेण्यासारखा आहे: ज्याच्यासाठी बोलणारे कोणी नाही, त्याच्याकडे शहराने लक्ष द्यावे आणि त्या लक्ष देण्याला योग्य शब्द मिळावेत.

आता माझ्या अनुभवाकडे येतो. सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. आठवड्यातील एक ठरलेली संध्याकाळ मी वाचनालयाच्या एका टेबलाशी बसत असे, आणि ज्याला शब्दांची गरज असेल त्याने यावे, असे सूचना फलकावर लिहिलेले असे. सुरुवातीला होतकरू कवी आपापल्या वह्या घेऊन आले, ते अपेक्षितच होते. पण हळूहळू जे येऊ लागले ते कविता लिहिणारे नव्हते. मुलीच्या लग्नासाठी मंगलाष्टके हवी असलेला बाप, सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात चार ओळी म्हणू इच्छिणारी परिचारिका, बारशासाठी पाळणा हवा असलेली आजी, वडिलांच्या पहिल्या पुण्यतिथीला वर्तमानपत्रात द्यायच्या जाहिरातीत नेहमीचा छापील मजकूर नको असलेला मुलगा, अशी ही माणसे होती. ख्रिस्ती कुटुंबांतूनही लोक येत. लग्नाआधीच्या रोसाच्या (वधूवरांना नारळाचा रस लावण्याच्या विधीच्या) वेळी गायच्या गीतात घरातील माणसांची नावे कशी गुंफावी, हे त्यांना हवे असे.

साहित्यिक वर्तुळात या लेखनाकडे फारशा आदराने पाहिले जात नाही. मला ते मान्य नाही. गोव्यातील घरात पोथी, आरती आणि भजन यांच्या पलीकडे कविता येते ती याच वाटांनी येते, आणि लोकांना तिची निकड वाटते तीही याच वेळी. मंगलाष्टकाचेच पाहा. ते शार्दूलविक्रीडित वृत्तात असते, प्रत्येक चरणात १९ अक्षरे आणि १२व्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. ज्याने आयुष्यात कधी वृत्ताचे नाव ऐकलेले नाही, त्याच्याही कानात ती चाल लहानपणापासून पक्की बसलेली असते, आणि एखाद्या ओळीत मात्रा अडखळली तर तो ती लगेच ओळखतो. एवढी तयारी असलेला श्रोता कोणत्या कविसंमेलनात मिळतो?

या कामात एक नियम मी पहिल्यापासून पाळला, आणि आपल्या नगरकवीनेही तो पाळावा असे मला वाटते. आलेल्या माणसाला कविता लिहून द्यायची नाही, त्याच्याकडून लिहवून घ्यायची. वर सांगितलेल्या त्या बापाने माझ्यापुढे नावांची यादी ठेवली आणि आपल्या दिवंगत आईचे नाव तेवढे नक्की यायला हवे, असे सांगितले. मी त्याला आईविषयी विचारत राहिलो. ती पहाटे उठून भाजीचा वाफा शिंपायची, कळशी कमरेवर घेताना नातीला दुसऱ्या हाताने धरायची, असे तो सांगू लागला, आणि बोलता बोलता त्याच्या वाक्याला आपोआप ठेका आला. मी फक्त ते वाक्य कागदावर त्याच्यासमोर ठेवले. पुढच्या ओळी त्याने घरी बसून लिहिल्या आणि मी वृत्तासाठी दोनतीन शब्द मागेपुढे केले. लग्नात ते मंगलाष्टक त्याने स्वतः म्हटले. मी लिहून दिले असते तर ते कदाचित अधिक सफाईदार झाले असते, परंतु त्यातील आई त्याची राहिली नसती.

दुसरे काम शाळांतले. आपल्याकडे शाळेतील कविता म्हणजे बहुधा पाठांतर आणि काव्यगायनाची स्पर्धा. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही, कारण कविता जिभेवर बसल्याशिवाय मनात उतरत नाही. मात्र नगरकवीने शाळेत जाऊन आणखी एक परीक्षक होऊ नये. मी मुलांना घरच्या कामधंद्याचे शब्द आणायला सांगत असे. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, मुलाने भट्टीचे शब्द आणले, माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराच्या नातवाने माडाचे, होडीवर जाणाऱ्यांच्या मुलींनी जाळ्यांची आणि वाऱ्यांची नावे आणली. त्यांतील बरेच शब्द वर्गातील शिक्षकांनाही ठाऊक नसत, मीही कित्येक पहिल्यांदाच ऐकले, आणि ज्याच्या घरचा शब्द तोच त्या दिवशी वर्गाला शिकवणारा होई. एका वर्गात बांधकामावरच्या कामगाराचा मुलगा होता, त्याच्या घरी कन्नड बोलत. त्याने आईची अंगाई आणली. आम्ही ती देवनागरीत उतरवून घेतली आणि तिचा अर्थ त्याच्याकडूनच समजून घेतला. त्यानंतर संपूर्ण वर्गाने ती त्याच्याबरोबर म्हटली. तोपर्यंत तो वर्गात क्वचितच बोलत असे. नगरकवीच्या कामाचे समाजजीवनातील स्थान काय, असे मला कोणी एका वाक्यात विचारले तर मी या वर्गाकडे बोट दाखवीन.

तिसरे काम अधिक नाजूक आहे, आणि त्यात घाई झाली तर नुकसान होते. आपल्या भागात पौषात स्त्रियांचे धालो हे गीतनृत्य होते, शिगम्यात मेळ निघतात, जागर हे लोकनाट्य होते, घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्या होतात. मांडावरची, म्हणजे गावात यासाठी राखलेल्या जागेवरची, ही गीते ज्या स्त्रियांना आणि वृद्धांना पूर्ण येतात, त्यांची संख्या कमी होत चालली आहे. नगरकवीने ती लिहून आणि ध्वनिमुद्रित करून वाचनालयात ठेवण्याचे काम हाती घ्यावे. ब्रिटनमध्ये अँड्र्यू मोशन यांनी राष्ट्रीय कवी असताना कवींच्या स्वतःच्या आवाजातील कविता जतन करणारा संग्रह उभा केला. आपल्याकडे त्याच्या तोडीचे काम या गीतांसाठी व्हायला हवे असे मला मनापासून वाटते. मात्र मांडाचे नियम असतात. काही गीते ठरावीक रात्रीच म्हणायची असतात, काही ठिकाणी पुरुषांनी जवळ थांबणे चालत नाही, काही गोष्टी बाहेर न्यायच्याच नसतात. म्हणून आधी मांडावरच्या जाणत्यांची अनुमती घ्यावी. ती मिळाली नाही तर वाद न घालता परत यावे. मिळाली तर गाणाऱ्या बाईचे नाव, वाडा आणि तारीख प्रत्येक मुद्रणासोबत नोंदवावी. शब्द ‘शुद्ध’ करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. या गीतांत कोकणी आणि मराठी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि ती मिसळण जशी आहे तशी राहिली पाहिजे.

थोडक्यात, लोकांच्या प्रसंगांना शब्द मिळवून देणे, मुलांच्या घरच्या भाषांना वर्गात जागा देणे आणि गावाकडे आधीच असलेली कविता जतन करणे, ही तीन कामे नगरकवीच्या वर्षाचा मोठा भाग व्यापतील. स्वतःची कविता लिहिणे हे त्याचे चौथे काम आहे, आणि ते त्याच्यावर सोपवून समितीने त्यात लक्ष घालू नये.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्यांच्याकडे वळतो, आणि त्यांत भाषेचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. आपल्या समितीत यावरून मतभेद झालेच नसतील, असे मला वाटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे ६६ टक्के लोकांची मातृभाषा कोकणी, सुमारे ११ टक्के लोकांची मराठी आणि सुमारे १० टक्के लोकांची हिंदी आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद केली. रोमी लिपीतील कोकणीची स्वतंत्र आणि जिवंत परंपरा आहे, आणि तिचे वाचक व तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराचे प्रेक्षक आपल्याच शहरात राहतात. त्या कायद्याच्या वेळची कटुता ज्यांनी पाहिली आहे, ते आजही या विषयावर सावधपणे बोलतात. मी जन्मभर मराठी शिकवली आहे आणि माझे लेखन मराठीतच आहे, तरीही माझे ठाम मत असे आहे की पदाच्या नावात किंवा पात्रतेच्या अटीत कोणत्याही एका भाषेचा उल्लेख असू नये. पद शहराचे आहे.

याला आपल्या मातीत आधार आहे. बा. भ. बोरकरांनी मराठी आणि कोकणी दोन्ही भाषांत कविता लिहिली, शंकर रामाणी यांनीही लिहिली, आणि त्यांतील एक भाषा खरी व दुसरी परकी असे त्यांच्या वाचकांना कधी वाटले नाही. त्याच्याही फार आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले, ते ओवीबद्ध मराठी काव्य रोमी लिपीत छापलेले होते. भाषा, लिपी आणि धर्म यांचे जे पक्के गट आज आपण गृहीत धरतो, ते गोव्याच्या कवितेने पूर्वीपासूनच मोडलेले आहेत. व्यवहारात मी असे सुचवीन की एका मुदतीला एका भाषेत लिहिणारा कवी निवडला गेला, तर त्याच्यासोबत दुसऱ्या भाषेतील एक सहकारी कवी कामासाठी जोडून द्यावा, आणि पुढच्या मुदतीला हा क्रम बदलावा. ज्या शहरात बाहेरून आलेल्या कामगारांची वस्ती मोठी आहे, तिथे हिंदी किंवा कन्नड जाणणारा कार्यकर्ताही लागेल. आपल्या शहराचे स्वरूप मला ठाऊक नाही, म्हणून हे प्रमाण आपणच ठरवायला हवे.

शहराचा आकारही महत्त्वाचा आहे. गोव्यात महानगरपालिका एकच, पणजीची, आणि २०११ मध्ये त्या शहराची लोकसंख्याही चाळीस हजारांच्या आसपास होती. टोरांटोसारख्या शहरात नगरकवी बहुतेक नागरिकांना केवळ नावाने माहीत असतो. आपल्याकडे तो बाजारात भेटतो, त्याचे घर कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि तो कोणत्या गटाचा याचीही चर्चा होते. या जवळिकीमुळे काम सोपे होते, पण पक्षपाताचा संशयही त्याच जवळिकीतून येतो. म्हणून निवड नगरसेवकांच्या हातात असू नये. वाचनालयाचे ग्रंथपाल, शहरातील शाळांचे दोन शिक्षक, एखाद्या भजनी मंडळाचे किंवा चर्चच्या गायकवृंदाचे प्रतिनिधी आणि शहराबाहेरचे एकदोन कवी, अशी छोटी समिती निवड करो आणि पालिका फक्त ठराव संमत करो. मुदत दोन वर्षांची पुरेशी आहे. पहिले वर्ष लोकांची ओळख होण्यात जाते, म्हणून एका वर्षात फारसे काही होत नाही, आणि त्याच व्यक्तीची लगेच फेरनिवड होत गेली तर पुन्हा जुन्या दरबारी पदासारखे होते.

निवडताना पुरस्कारांची यादी पाहू नका, असे मी म्हणणार नाही. कविता चांगली असलीच पाहिजे, कारण ज्याला स्वतःला शब्दाची पारख नाही तो दुसऱ्याचे वाक्य ऐकून त्यातला ठेका ओळखू शकणार नाही. मात्र तेवढ्यावर थांबू नये. उमेदवाराला एक संध्याकाळ वाचनालयात अनोळखी माणसांसोबत बसवा आणि तो किती बोलतो व किती ऐकतो ते पाहा. गोव्यात उत्तम कवींची कमतरता नाही, परंतु त्यांतील सर्वांचा स्वभाव या कामाला मानवेल असे नाही, आणि ज्याला एकांत हवा आहे अशा श्रेष्ठ कवीला या पदावर बसवणे त्याच्यावरही अन्याय आहे. त्याचा सन्मान करायचा असेल तर तो स्वतंत्रपणे करावा. बोरकरांना गोव्याने आपला कवी मानले ते कोणत्याही नेमणुकीने नव्हे. लोकांचे प्रेम नेमून देता येत नाही, काम नेमून देता येते, आणि आपला ठराव कामापुरताच असावा.

स्वातंत्र्याविषयी मी वर लिहिले, ते ठरावात कसे आणावे हे सांगतो. नगरकवीची कोणतीही कविता वाचनापूर्वी कोणालाही दाखवण्याचे बंधन नसेल, विशिष्ट विषयावर किंवा व्यक्तीवर कविता लिहिण्यास तो नकार देऊ शकेल, आणि पालिकेच्या निर्णयावर टीका केली म्हणून त्याला पदावरून दूर केले जाणार नाही, ही तीन वाक्ये शब्दशः असावीत. एका संस्थेच्या कार्यक्रमापूर्वी माझ्याकडे कविता ‘तपासणीसाठी’ मागण्यात आली होती. मी नम्रपणे नकार दिला आणि वाचन रद्द झाले. लिखित नियम असता तर तो अधिकारीही अवघड जागी सापडला नसता, कारण वरिष्ठांना दाखवायला त्याच्याकडे कागद असता. शहरात एखाद्या रस्त्यावरून, डोंगरकापणीवरून किंवा प्रकल्पावरून लोक दोन बाजूंना झाले असतील, तेव्हा या वाक्यांची खरी गरज भासते. अशा वेळी कवीने कोणत्या बाजूला उभे राहावे हे ठरवून देता येत नाही. मी स्वतः सभेत कविता वाचण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलून त्यांचेच शब्द मांडणे पसंत करतो, पण एखाद्या कवीला उघड भूमिका घ्यावीशी वाटली तर तो त्याचा अधिकार आहे.

याला जोडूनच प्रताधिकाराचा मुद्दा येतो. तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या निर्देशाखाली तयार झालेल्या कृतीचे हक्क, वेगळा करार नसल्यास, त्या संस्थेकडे जाण्याची शक्यता असते. त्यामुळे कवितेचे हक्क कवीकडे राहतील आणि पालिकेला ती फलकावर, पुस्तिकेत किंवा कार्यक्रमात विनामूल्य वापरता येईल, असे करारात स्पष्ट लिहावे. ध्वनिमुद्रित लोकगीतांवर कवीचाही हक्क नसेल आणि पालिकेचाही नसेल, ती गाणाऱ्यांच्या नावे वाचनालयात राहतील, हेही त्यातच नमूद करावे. ठराव गोवा नगरपालिका कायदा, १९६८ च्या चौकटीत कोणत्या खर्चशीर्षाखाली बसेल, हे मुख्याधिकाऱ्यांना आधीच विचारून घ्या. असे चांगले उपक्रम बहुतेक वेळा कोणाच्या विरोधामुळे थांबत नाहीत, लेखापरीक्षणाच्या एका शेऱ्यामुळे थांबतात.

पैशांविषयी थोडक्यात सांगतो. मानधन समारंभात पाकिटातून देण्याऐवजी दरमहा द्यावे, म्हणजे ते कामाचे राहते. त्याशिवाय प्रवासखर्च, छायाप्रती, एक साधे ध्वनिमुद्रण यंत्र आणि वाचनालयात आठवड्यातून एकदा हक्काची जागा एवढे पुरते. शाल-श्रीफळाचा समारंभ एकदा साधेपणाने केला, तर त्या खर्चातून यातील बरेच काही भागेल. वाचनालयाची स्थिती चांगली नसेल, तर माझा प्रामाणिक सल्ला असा आहे की आधी वाचनालयाकडे लक्ष द्यावे आणि कवीची नेमणूक वर्षभर पुढे ढकलावी. बसायला जागा आणि हाताशी पुस्तके नसलेला नगरकवी काही महिन्यांतच केवळ व्यासपीठापुरता उरतो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, १९ डिसेंबरचा. नगरकवीने त्या दिवशी अवश्य यावे, आणि वाचनासाठी त्याला पाच मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. त्या पाच मिनिटांत स्वतःची कविता वाचायची की नाही, हे त्याच्यावर सोपवावे. त्याच्या आधी मात्र शहरातील दोन नागरिकांना बोलवावे, एक विद्यार्थी आणि एक वयस्क व्यक्ती. शक्य असेल तर त्यांतील एक असा असावा, ज्याने १९६१ पूर्वीचा गोवा पाहिला आहे. त्यांनी आपल्या आवडीची किंवा आपण लिहिलेली कविता ज्या भाषेत असेल त्या भाषेत वाचावी. त्यांची निवड आणि तयारी नगरकवीने ऑक्टोबरपासून वाचनालयातील आपल्या संध्याकाळी करावी, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत आयत्या वेळी कोणाचे नाव घालण्याचा आग्रह झाला, तरी ती आधीच छापलेली असेल.